सुट्टीत घरी गेल्यावर आई-वडिलांशी ‘पुढचं’ कसं बोलावं

आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि डोक्याला खोक पडली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का?’ दादा म्हणाला, हो. मी म्हणाले, नाही, त्या मागेच बंद केल्या. बाबा म्हणाले, ‘ती रात्रीची एक छोटी पांढरी गोळी असते, तीच का?’ अशा गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा आणि तो वाढत जाण्याचा धोका जास्त असतो. कोणत्या तपासण्या करायच्या, किती वेळ लक्ष ठेवायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून असतं. आणि ते उत्तर आम्हा तिघांपैकी एकाकडेही नव्हतं. त्याआधी दोनच महिने सुट्टीत आम्ही सगळे आठ दिवस एका घरात होतो.

आई त्यातून बरी झाली. पण तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही. ज्यांनी आई-वडिलांशी त्यांच्या पुढच्या काळाबद्दल अजून एकदाही बोलणं काढलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. या सुट्टीत तुम्हाला काहीही ठरवायचं नाही. विचारायचं, ऐकायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच. बहुतेक घरांत हे बोलणं फिसकटतं ते पहिल्याच बैठकीत निर्णय पदरात पाडून घ्यायच्या घाईमुळे.

१. निघण्याआधी भावंडांशी बोला

आई-वडिलांसमोर आपापसांतले मतभेद निघाले, की ते दोघं लगेच मिटवामिटवीला लागतात आणि स्वतःचं म्हणणं गिळून टाकतात. म्हणून निघण्याआधी फोनवर एकदा बोलून घ्या. विषय कोण काढणार, बाकीचे तेव्हा कुठे असणार, आणि कशाला कोणी हात लावायचा नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ. सगळ्यांनी मिळून समोर बसू नका. चार मुलं एका रांगेत बसलेली पाहिली, की बाबांना ती चौकशीच वाटणार.

जवळ राहणाऱ्या भावंडाचं आधी ऐका. दवाखान्याच्या खेपा, औषधं, गळके नळ हे सगळं तेच बघत असतं. डॉक्टरांच्या जगात एक अनुभव इतका नेहमीचा आहे, की १९९१ मध्ये वृद्धांच्या आजारांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्याला ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असं नाव देऊन त्यावर लेख आला. लांब राहणारं मूल अचानक येतं, ‘तुम्ही काहीच केलं नाहीत’ म्हणतं, आणि रुग्णाने व घरच्यांनी शांतपणे ठरवलेलं सगळं उलटवू पाहतं. त्यामागे बहुतेक वेळा अपराधीपणाची भावना असते. मी स्वतः लांब राहते, म्हणून हे वाचताना मला लागलं. तुम्हीही लांब असाल, तर घरी गेल्यावर पहिलं वाक्य सूचनेचं नसू दे.

२. पहिले दोन दिवस नुसतं पाहा

काय पाहायचं, त्यासाठी वृद्धांची काळजी घेणाऱ्या तज्ज्ञांच्या दोन जुन्या याद्या आजही उपयोगी पडतात. पहिली १९६३ मधली, सिडनी कॅट्झ यांची. तिच्यात शरीराची सहा कामं आहेत: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी १९६९ मधली, लॉटन आणि ब्रॉडी यांची. तिच्यात घर चालवायची आठ कामं आहेत: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार.

साधारणपणे दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात. बाबा रोज नीट अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बसलेले दिसतात आणि आपण म्हणतो, सगळं ठीक आहे. पण कपाटात विजेची तीन बिलं न भरता पडलेली असतात. एकच वस्तू तीनदा आणलेली असते. गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहिलेले असतात आणि मंगळवारची गोळी शनिवारीही तिथेच असते. कपडे ढगळ व्हायला लागलेत का, चालताना हात भिंतीकडे जातो का, आवडीच्या ठिकाणी जाणं कधी आणि का बंद झालं, हे बघा.

चालण्यासाठी एक साधी चाचणी आहे, १९९१ पासून वापरात असलेली. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टरांशी बोलावं. घड्याळ हातात घेऊन आईला उभं करायची गरज नाही. ती फोन घ्यायला उठते तेव्हा मनातल्या मनात मोजा.

इथे एक धोक्याची सूचना. विसराळूपणा दिसला की ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, म्हणून मोकळे होऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, कमी ऐकू येणं आणि काही औषधंही माणसाला अगदी तसंच करून सोडतात, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. आणि काल ठीक असलेलं माणूस आज अचानक भलतंच बोलायला लागलं, वेळ-जागा कळेनाशी झाली, तर तो म्हातारपणाचा भाग मानून बसू नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, औषधाचा परिणाम असं काहीतरी त्याच्या मुळाशी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाहणं म्हणजे झडती नव्हे. खण उघडायचा असेल तर विचारून उघडा.

३. वेळ आणि जागा

सगळे जमतात तो मुख्य दिवस नको. निघायचा दिवसही नको, कारण बॅगा दाराशी ठेवून काढलेल्या विषयाचं ओझं नंतर ते दोघं एकटे वाहत राहतात. सुट्टीच्या मधला एखादा रिकामा दिवस निवडा, म्हणजे बोलणं अर्धवट राहिलं तर हाताशी दोन दिवस असतात. शक्यतो सकाळ बघा. वय झालेली पुष्कळ माणसं सकाळी जास्त ताजीतवानी असतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, तर संध्याकाळी गोंधळ आणि अस्वस्थता वाढते, हे अनेक घरांनी अनुभवलेलं आहे.

ऐकू येण्याचा मुद्दा मी जरा ताणून सांगणार आहे, कारण कितीतरी बोलणी त्याच्यापायी बिघडतात. वयोमानाने कमी होणारं ऐकू येणं आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून सुरू होतं. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, पण स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आई म्हणते, ‘ऐकू येतंय रे, पण काय बोललास ते कळलं नाही.’ आपण मग आवाज चढवतो. चढवलेल्या आवाजाने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त आपण रागावल्यासारखे दिसतो. टीव्ही बंद करा. समोर बसा, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे. सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोला. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे आणि चालू आहे, हे पाहून घ्या. ‘बाबा विषय टाळतात’ अशी माझी जी तक्रार होती, तिच्यातला निम्मा भाग कानाचा निघाला.

समोरासमोर बसून बोलणं जड जात असेल, तर हाताला काम देऊन बोला. कपड्यांच्या घड्या घालताना, जुने फोटो लावताना, फिरायला गेल्यावर माणसं मोकळी होतात. आणि दोघंही असतील तर दोघांशी एकेकट्याने बोला. अनेक वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांच्या उणिवा झाकायला इतके सरावलेले असतात, की एकत्र असताना काहीच कळत नाही. आई प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी बाबांकडे बघते, आणि बाबाच उत्तर देतात. तसं दिसलं तर तीही एक नोंदच आहे.

४. पहिलं वाक्य

‘आपल्याला तुमच्याबद्दल बोलायचंय’ असं म्हटलं, की समोरचा माणूस अंग चोरून घेतो. विषय काढायच्या तीन वाटा मला कामाच्या वाटल्या.

पहिली, स्वतःपासून सुरुवात. ‘मी माझे सगळे कागद एका फाइलमध्ये लावतेय. मला काही झालं तर मुलांना काय सापडेल, या विचाराने. तुमचे कुठे असतात?’ पण हे खरं असायला हवं. आधी स्वतःचे कागद लावा, मग बोला.

दुसरी, ओळखीतल्या कोणाच्या तरी अनुभवावरून. ‘त्यांच्या घरी असं झालं, आणि मुलांना काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे झालं तर?’

तिसरी मला सगळ्यात खरी वाटते. त्यांनी त्यांच्या आई-वडिलांचं केलं, त्याबद्दल विचारा. ‘आजीचं तू शेवटपर्यंत केलंस. तुला सगळ्यात जड काय गेलं? वेगळं करता आलं असतं तर काय केलं असतंस?’ या प्रश्नात ते अडाणी किंवा परावलंबी ठरत नाहीत. उलट, या विषयात आपल्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं म्हणून बोलतात. माझी आई यावर पाऊण तास बोलली. शेवटी म्हणाली, ‘त्यांना कोणी विचारलंच नाही ग, त्यांना काय हवंय ते.’ मग मी विचारलं, ‘तुला काय हवंय?’ एवढाच पूल लागतो.

त्यानंतरचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येऊ नयेत असे ठेवा. तुला चांगला गेलेला दिवस म्हणजे कसा? पुढच्या काळातली कशाची भीती वाटते? मदत घ्यायची वेळ आली तर कोणाची घ्यायला आवडेल, आणि कोणत्या कामासाठी अजिबात नको? कशात तडजोड चालेल? प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही, म्हणून आपण मध्ये बोलतो आणि येऊ घातलेलं उत्तर परत जातं.

काही वाक्यं मात्र तोंडून जाऊ देऊ नका. ‘तुम्हाला आता जमत नाही.’ ‘आम्ही ठरवलंय.’ ‘आता तुम्ही लहान मुलांसारखे झालात.’ ज्या माणसाने घर उभं केलं, त्याला हे वाक्य कधीच विसरता येत नाही.

आणि एक उत्तर जवळजवळ नक्की येणार: ‘मला काही नको, तुम्ही सुखात राहा’ किंवा ‘जे व्हायचं ते होईल.’ त्यावर वाद घालू नका. मी बाबांना म्हटलं, ‘होईल ते होईलच बाबा, पण तेव्हा डॉक्टर तुम्हाला नाही, मला विचारतील. मी काय सांगू?’ बाबा थोडा वेळ गप्प राहिले. ‘त्रास होऊ देऊ नका, एवढं सांग,’ म्हणाले. हे पहिलं उत्तर होतं. मुलांवर ओझं पडू नये म्हणून ते बोलत नाहीत, आणि न बोलल्यानेच ओझं पडतं हे त्यांना दिसलं, की बऱ्याचदा तेच पुढे येतात.

५. कोणता विषय आधी

सोप्यापासून अवघडाकडे जा, आणि एका बैठकीत एकच विषय घ्या.

औषधं सगळ्यात आधी, कारण त्यात कोणाच्या मानाला धक्का लागत नाही. एका कागदावर नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कोणत्या डॉक्टरांनी दिलं, हे लिहा. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या आणि घरगुती काढेसुद्धा लिहा. कशाची ॲलर्जी आहे ते वर ठळक. पाच किंवा जास्त औषधं रोज चालू असतील, तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा की यातलं आता काय लागतं आणि काय नाही. वयस्कांसाठी जोखमीच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते, तेव्हा या प्रश्नाचं डॉक्टरांना नवल वाटणार नाही. मनाने मात्र कोणतंही औषध बंद करू नका.

घराचं दुरुस्तीच्या भाषेत बोला. बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड, सरकणारी पायपुसणी काढून टाकणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वाधिक. सुट्टीतल्या एका दिवसात दांडा बसवून होतो, तर बसवूनच निघा.

मग ‘शेवटपर्यंत याच घरात राहायचंय’ हे वाक्य येईल. ते मनापासून ऐका, आणि हिशेबही मांडा. आठवड्यात १६८ तास असतात. सोबतीला ठेवलेला एक माणूस रोज ८ तास, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे ४८ तास देतो. चोवीस तास कोणीतरी हवं असेल, तर साडेतीन माणसं लागतात, आणि त्यात कोणाची रजा, आजारपण धरलेलं नाही. हा हिशेब घाबरवण्यासाठी नव्हे, तर घरी राहायचं असेल तर काय काय उभं करावं लागेल हे सगळ्यांना कळावं म्हणून. तेवढ्यासाठी ‘तुला कधीच कुठे ठेवणार नाही’ असं वचन भावनेच्या भरात देऊ नका. ते पाळता आलं नाही, तर दोन्हीकडून काळीज फाटतं. ‘तुझ्याशी बोलल्याशिवाय काही ठरवणार नाही’ हे वचन द्या. ते पाळता येतं.

पैशांबाबत ‘किती आहे’ असं विचारू नका, ‘कुठे आहे’ असं विचारा. खाती, विमा, पेन्शन, घराची कागदपत्रं कुठे आहेत याची यादी पुरे. रकमा त्यांनी बंद पाकिटात लिहून ठेवल्या तरी चालेल.

कायद्याच्या कागदांत एक घोटाळा फार जण करतात. मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं. माणूस जिवंत आहे पण बोलू शकत नाही, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. त्या काळासाठी उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची कल्पना १९६९ मध्ये लुई कुटनर या अमेरिकी वकिलाने मांडली, आणि आज अनेक देशांत तिला कायद्याचं पाठबळ आहे. मुखत्यारपत्राचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निष्प्रभ होतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा उपयोगी पडत नाही. काही देशांत त्यासाठी वेगळं, टिकून राहणारं मुखत्यारपत्र असतं. आई-वडील जिथे राहतात, तिथल्या वकिलाला हा प्रश्न याच शब्दांत विचारा. हे सगळं माणूस समजून-उमजून सही करू शकतो तेव्हाच करता येतं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे ती क्षमता त्याच दिवशी संपली, असंही नाही. ती त्या त्या निर्णयापुरती पाहायची असते.

अखेरच्या आजाराबद्दल बोलायला पहिल्या सुट्टीत जमलं नाही तरी चालेल. जमलं, तर यंत्रांची नावं घेऊन नका विचारू. ‘बरं व्हायची आशा फार थोडी असेल, तर तुला काय महत्त्वाचं वाटेल?’ असं विचारा. आणि उपशामक उपचार म्हणजे हात टेकणं, हा समज घरातून काढून टाका. तो वेदना, धाप, भीती यांवरचा उपचार आहे आणि मूळ आजाराच्या उपचारांबरोबरच देता येतो. २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच हे उपचारही सुरू झाले, त्यांचे दिवस जास्त बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते सरासरी जास्त जगलेसुद्धा: ११.६ महिने, इतरांच्या ८.९ महिन्यांच्या तुलनेत.

६. ‘नको’ म्हणाले तर

थांबा. ‘बरं, आज नको. पुन्हा कधीतरी विचारलं तर चालेल?’ एवढं विचारून विषय सोडा, आणि खरंच सोडा.

नकाराच्या मागे काय आहे, ते मात्र शोधा. बाबा काठी घेत नव्हते. आम्ही दोन वर्षं धोक्याच्या गोष्टी सांगत राहिलो. शेवटी मी विचारलं, काठीत तुम्हाला काय नको वाटतं? ‘ती बघून लोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागतात,’ म्हणाले. दोन वर्षांत आम्ही हे विचारलंच नव्हतं. कधीकधी आपल्यापेक्षा त्यांच्या वयाच्या मित्राने किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं लवकर पटतं. ते पटू द्यावं, आपणच सांगायला हवं असं काही नाही.

आपल्याला न पटणारा निर्णय घेण्याचा त्यांना हक्क आहे. धोका कळत असूनही वरच्या मजल्यावरच झोपायचं असेल, तर जिन्याला दुसरा कठडा लावून द्या. पण काही गोष्टी थांबू शकत नाहीत: गॅस चालू राहणं, गाडी चालवताना दुसऱ्याच्या जिवावर बेतणं, कोणीतरी त्यांच्याकडून पैसे उकळत असणं. तिथे रुसवा पत्करून लगेच हात घाला.

७. त्याच दिवशी लिहा

बोलणं झालं की अर्धं पान लिहा, त्यांच्याच शब्दांत. ‘रुग्णाची इच्छा’ वगैरे भाषा नको. मग ते त्यांना वाचून दाखवा आणि दुरुस्त करायला सांगा. तारीख घाला. कोणाकडे प्रत द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. औषधांचा कागद वेगळा ठेवा, घरात शिरणाऱ्या शेजाऱ्यालाही दिसेल अशा जागी. पुढच्या फोनवर या विषयाची उजळणी नको, साध्या गप्पा मारा. नाहीतर तुमचा फोन आला की त्यांना धास्ती वाटायला लागेल. पुन्हा विचारायची वेळ पुढच्या सुट्टीत, किंवा आजारपण, पडणं, जोडीदाराचं जाणं असं काही घडल्यावर.

आमच्या घरच्या पानावर आईने पहिल्या वर्षी सांगितलं होतं, ‘कोणीही बाहेरची बाई ठेवायची नाही.’ मी तसंच लिहिलं. तिसऱ्या सुट्टीत मी ते पान वाचून दाखवत होते, तेव्हा तिने चष्मा लावला, माझ्या हातून पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘ठेवली तर चालेल. पण मला आधी भेटवा. आणि मला नावाने हाक मारू दे, आजी म्हणून नको.’